देवळावर आलं की दमणारं इंजन

"देव रागावलाय म्हंतोस ना कुशाबा? मंग मला सांग, देवाला घड्याळ कुनी दिलं? धा मिंटं झाली की रागावतो, पाच मिंटं गप बसलं की राग जातो. आसला राग तर आमच्या मालकालाबी येत न्हाई."

साळुबाई होडीच्या मागल्या फळीवर बसून इंजनाचं टोपण काढता काढता बोलत होती. काठावर उभा असलेला कुशाबा म्हणजे गावचा भगत. बाईमाणसानं देवाला जाब विचारावा हे त्याला पटलं नाही. मग त्यानं तंबाखू मळायला घेतली.

साळुबाईची होडी धरणाच्या पाण्यातून माणसं पलीकडं नेते. पलीकडच्या फाट्यावर घोडेगावची यष्टी मिळते. होडी नसली तर डोंगराला वळसा घालायचा, चौदा किलोमीटर, पायी. होडीच्या मागं लावलेलं इंजन दोन मालकांनी कंटाळून विकलेलं. तिसऱ्या मालकाचं, म्हणजे रखमाजीचं, इंजनाचं ज्ञान एवढंच की ते पेटलं तर आवाज येतो. म्हणून एकोणीस वर्षं होडी त्याची बायकोच चालवते. बाईची शाळा चौथीपर्यंत झाली, इंजन मात्र शेवटच्या नटापर्यंत झालं.

या दसऱ्यापासून इंजनाला खोड लागली. काठावर अगदी सुरात चालायचं. भरली होडी घेऊन निघालं की दहाएक मिनिटांत आवाज घसरायचा. मूठ कितीही पिळा, जोर येईना. मग धाप लागल्यासारखं दोनदा करून बंद. जरा थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तीच धाप.

आता काठापासून दहा मिनिटांवर, बरोबर त्या जागी, पाण्याखाली बुडालेल्या जुन्या गावातलं भैरोबाचं देऊळ आहे. झालं! गावाला याहून जास्त पुरावा कशालाच लागत नाही. होडी थांबली की माणसं हात जोडून पाण्यात नारळ सोडायची. नारळ काही बुडत नाही. तो वाऱ्यानं निवांत गोरखच्या शेताच्या कडेला लागायचा. दोन महिने गोरखच्या घरात खोबऱ्याला तोटा नव्हता.

गोरख हा साळुबाईचा पुतण्या. शनिवार-रविवारी पुण्याच्या पावण्यांना फिरवायला त्यानं नवी बोट घेतली होती, आणि आता त्याला चुलतीचा धक्का, म्हणजे काठावरची होडी लावायची जागा, हवा होता. नारायणगावहून त्यानं एक मिस्त्रीही आणला. मिस्त्रीनं इंजन काठावरच चालवलं, पाण्यात पाय न घालता निदान केलं, "रिंगा गेल्या, भंगारात घाला," आणि जेवून गेला.

मग गावकी बसली. ठरलं असं की आज दुपारी भरली होडी मधे न थांबता पलीकडं गेली तर बरं, नाहीतर उद्यापासून धक्का गोरखला. सकाळी साडेसातच्या यष्टीला गोरख उठणार कसा, हे कोणी विचारलं नाही. साळुबाईच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, हेही नाही. रखमाजी होता म्हणा, पण तो गावकीत होता. मान डोलावायला माणसं कमी पडत होती.

"रिंगा गेल्या म्हनं," साळुबाई म्हणाली. तिनं प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि दोरी ओढली. अंगठा फटकन उडाला. "गेल्या असत्या तर आत दाब ऱ्हायला असता का, ह्यो उडाला असता का? त्या मिस्त्रीलाच आनून बसवा हितं."

मग तिनं माणसांच्या वजनाला शेणखताची आठ पोती होडीत घालायला लावली आणि कुशाबाला व रखमाजीला त्यांच्यावर बसवलं.

"कुठं निघालो?" रखमाजीनं विचारलं.

"उलट्या अंगाला. जितं देऊळ न्हाई, म्हसोबाचा धोंडासुदीक न्हाई तितं."

मूठ पुरी पिळून तिनं होडी वरच्या अंगाला काढली. इंजन सुरेख ओढत होतं. कुशाबा मान हलवून सांगत होता, बघा, वाट बदलली तर देव कसा गप बसला. त्याचं बोलणं पुरतं व्हायच्या आत आवाज घसरला. धाप, धाप, आणि बंद.

"का रं भगता, भैरोबा हिकडं कवा आला? यष्टीनं?"

"देवाला काय गं, समद्या जागा सारख्याच."

"मंग घाटघरच्या डोंगराव न्हेऊन चालू क्येलं तरी धा मिंटांनीच दमंल. म्हंजी दुखनं जागंचं न्हाई, येळंचं हाय."

तिनं प्लग काढला. कोरडा ठाक. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. टाकी हलवली तर अर्धी भरलेली. टाकीकडून इंजनाकडं जाणाऱ्या नळीत मधे एक रबरी फुगा असतो, तो दाबला की पेट्रोल चढतं. तो फुगा चिंचोक्यासारखा चपटा होऊन बसला होता. साळुबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग टाकीकडं, आणि टाकीचं झाकण सैल केलं. हुस्स! बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा टाकीनं श्वास घेतला, आणि फुगा हळूहळू गुबगुबीत झाला.

झाकणाला वर एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढा वारा त्यातून आत यायचा. साळुबाईनं झाकण उन्हात धरलं. भोक कुठं दिसेना. नखानं खरवडलं तर नखात शेंदूर आला. लाल टाकीवर तो इतके दिवस दिसणार तरी कसा!

दोघंही रखमाजीकडं बघायला लागली.

"खंडेनवमीला पूजा क्येली व्हती," रखमाजी म्हणाला. "कुकू पेट्रोलनं पुसतं. म्हनून मंग तेलात शेंदूर कालवून लावला. घट ऱ्हावा म्हनून."

"आन फुडं?"

"फुडं कुशाबानं सांगितलं, कोप हाय, दर आयतवारी एक लेप द्या."

"म्हंजी तुमी त्येचं नाक लिंपलं, आन वर त्येलाच इचारताय, का रं बाबा दमतोस! आन ज्या आयतवारी जास्त दमलं, त्या आयतवारी जास्त लिंपलं!"

बांगडीत अडकवलेली पीन काढून तिनं भोक मोकळं केलं. तिथून आणखी दहा मिनिटं पुढं आणि मग वीस मिनिटं परत काठापर्यंत, इंजन एकदाही कण्हलं नाही. कुशाबा वाटभर पाण्याकडं बघत होता. रखमाजी शेणखताकडं.

दुपारी होडी माणसांनी गच्च भरली. अर्धी पलीकडं जायला, अर्धी बंद पडताना बघायला. मागून गोरख नवी बोट घेऊन येत होता. हातात दोर होता, चुलतीला ओढून आणायला. इतकी माया त्यानं आजवर कधी दाखवली नव्हती. देवळाची जागा आली. नारळ बाहेर निघाले. इंजन ओढत राहिलं. जागा गेली, तरी नारळ हातातच. ते सोडावेत की परत पिशवीत घालावेत यावर दोघांत भांडण लागलं, तोवर पलीकडचा काठ आला.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत गावकीनं निकाल दिला. धक्का साळुबाईकडंच, आणि कुशाबाच्या उपायाला अखेर गुण आला. कुशाबानं चार जणांचे नमस्कार घेतले. खरं काय ते सांगायचं, तर त्याचा गळा नेमका चहानं भाजला होता.

"काकी, इंजन जुनंच हाय पर," गोरख दोर गुंडाळत म्हणाला.

"मीबी जुनीच हाय. तू सकाळी साडेसातला उठून दाव, मंग बोलू."

एव्हाना गावाकडच्या काठावरून कोणीतरी टॉवेल हलवत होतं. साळुबाईनं पेट्रोलमध्ये मापानं ऑइल ओतलं, कॅन हलवला, टाकी भरली. परतीची माणसं चढायला लागली.

"ए पावणं, समदी एका अंगाला का बसताय? तितं काय लाडू वाटत्यात? मधी सरका. ती शेळी धरा आधी."

तिनं पदर खोचला, फुगा दोनदा दाबला आणि दोरी ओढली.