मामांनी हुंगलेला माल

तुरकाट्यांचा भुसा तापल्याचा गोडसर वास आला की मला सोलापूरजवळच्या वीजकेंद्राचं फाटक आठवतं. कोळशात मिसळून जाळायला तिथं मी तुरीच्या त्या वाळक्या काड्यांचा भुसा दाबून केलेल्या विटा, म्हणजे ब्रिकेट, पुरवतो. फाटकावर माल तपासणारे मामा एक मोडून हुंगायचे आणि म्हणायचे, ‘तूरच हाय की, सोडा आत.’ एकदा मामांनी असाच हुंगून सोडलेल्या ट्रकमधला तळचा भुसा प्रयोगशाळेतल्या नव्या मॅडमनी प्रकाश टाकून भेसळ ओळखणाऱ्या यंत्राखाली धरला. ‘यात कोळसा आहे,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या मालात भेसळ म्हणता?’ असं ओरडत मी ट्रकवर चढलो, तर भाड्याच्या त्या ट्रकच्या फटींत आदल्या खेपेची कोळशाची भुकटी होती. माल परत गेला. मामा हळूच म्हणाले, ‘नाक म्हातारं झालं, मालक.’ आता माझा माल यंत्रातून बिनबोभाट पास होतो, पण हातात घेऊन कुणी हुंगत नाही. त्या यंत्रावरचा माझा राग अजून गेलेला नाही.