सामुराईंच्या किल्ल्यातली हाक

माझी बायको मला 'अहो' म्हणत नाही. अमेरिकेत, रेडमंडमधल्या अठरा वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना नावानं हाक मारतो आणि नावानंच भांडतो. पण पुण्याहून सासूबाई आल्या, की विमानतळावरच मेघनाच्या तोंडी 'अहो' येतं. (त्या परत गेल्या, की विमानतळाच्या पार्किंगमध्येच ते जातं.)

यंदा त्यांना पुण्याला पोचवायला जाताना आम्ही वाटेत जपान बघायचं ठरवलं. "सामुराईंचा खरा किल्ला दाखवा हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "सगळं प्लॅनिंग माझ्याकडे!" मी जाहीर करून टाकलं. गेल्या खेपेला मी त्यांना धबधबा दाखवायला नेलं होतं आणि फक्त तिथलं पार्किंग दाखवून आणलं होतं. या वेळी गेलेली अब्रू परत मिळवायचीच होती!

ओसाकाजवळचा तो पांढराशुभ्र, सहा मजली किल्ला पाहून सासूबाईंनी हात जोडले. दारातच बूट काढून पिशवीत घालून बरोबर न्यायचे होते. मी चौघांच्या पिशव्या घेतल्या. आत डावीकडे जायचा बाण होता.

"बाणाच्या मागे सगळेच जातात," मी म्हणालो. "आपण उलटं जाऊ. गर्दी लागणार नाही."

"बाबा, प्लीज नो," आमची चौदा वर्षांची सई म्हणाली.

गर्दी लागली नाही, समोरून अंगावर आली! शिडीसारख्या उभ्या लाकडी जिन्यात तिघी कशाबशा वर निसटल्या आणि त्या लोंढ्यानं मला खाली ढकललं. "सुमिमासेन, सुमिमासेन" अशी जपानीत माफी मागत मागे सरकताना माझं कपाळ तुळईवर आपटलं. आता तिघी मोज्यांवर वर, आणि चार जोड बुटांसह मी खाली.

"अहो!" वरून मेघनाची हाक आली.

आजूबाजूच्या सगळ्या माना वर वळल्या.

"अहो! कुठे गेलात?"

शाळकरी मुलींचा एक घोळका तोंडावर हात धरून हसायला लागला. तेवढ्यात सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो जावईबापू! अहो!"

आता जिन्यातले एक जपानी आजोबाही हसायला लागले. किती प्रेमळ लोक, मला वाटलं. मीही हसून सगळ्यांना हात केला.

एक वयस्कर रखवालदार लगबगीनं आला. माझ्या कपाळावरचं टेंगूळ आणि हातातल्या पिशव्या बघून त्यानं काळजीनं विचारलं, "यू ओके?"

"येस, येस! अहो इज मी!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

त्यानं वर बोट दाखवलं. "युवर वाइफ... से अहो?"

"माय वाइफ, माय मदर-इन-लॉ, बोथ! इट इज रिस्पेक्ट. इन अवर कल्चर, ऑल हजबंड्स आर अहो!"

त्यानं जरा विचार केला. मग कमरेत वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाला, "इन जपान ऑल्सो."

त्यानंच मला बाहेर जायच्या दाराशी नेऊन बसवलं. थोड्या वेळानं तिघी उतरल्या. सईचा चेहरा लालबुंद.

"बाबा! अहो मीन्स इडियट हिअर! एव्हरीवन हर्ड!"

मेघनानं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी आधी मला पाहिलं, मग टेंगूळ पाहिलं, आणि बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "धबधब्यापेक्षा किल्ला छान झाला हो," त्या म्हणाल्या. मला खरंच फार बरं वाटलं. अब्रू गेली होती, पण सासूबाई खूश होत्या.

त्यांना पुण्यात सोडून आम्ही रेडमंडला परतलो. पार्किंगमध्ये मी 'अहो' जायची वाट पाहिली. ते काही गेलं नाही. हायवेवरची एक्झिट चुकली, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा राहिला, की मेघना गोड आवाजात हाक मारते, "अहो!" मी मुकाट्यानं ओ देतो. ती मराठीत म्हणते की जपानीत, हे मी अजून विचारलेलं नाही.

विचारायला मी काय अहो आहे?