बाउरबाईंचे पूर्वज

एका म्हाताऱ्या बाईंना मी चुकीचे पूर्वज शोधून दिले आणि आईने त्यांना जेवायला घातलं.

बाई म्हणजे ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या आमच्या शेजारीण, मिस बाउर. एकट्याच राहायच्या. वडील अमेरिकेतून इथे आलेले, पण घराण्याबद्दल चकार शब्द न बोलता वारले. फार पूर्वी, तिथे इंग्रजांचं राज्य असताना, कुणी योहान जॉर्ज बाउर जर्मन मुलखातून जहाजाने पेनसिल्व्हेनियात उतरला होता, एवढंच त्यांना ठाऊक. आता तिकडचा एक दूरचा चुलतभाऊ पहिल्यांदाच भेटायला येणार होता.

"त्याला वाटायला नको, मी कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या.

त्यांची नजर अधू. आईने परस्पर जाहीर केलं, "आमची सई शोधेल. तिला इंग्लिश छान येतं. बोलत नाही, पण येतं."

घरोघरी इंटरनेट यायचं होतं. लायब्ररीत जर्मन चर्चच्या नोंदी मायक्रोफिल्मवर होत्या. जर्मन येत नसल्याने मी फक्त नावं वाचत गेले. काम सोपंच होतं. मधलं नाव वडिलांचं, म्हणजे योहान जॉर्जचे वडील जॉर्ज. शोधला तर जॉर्ज मायकेल बाउर लगेच सापडला. त्याचे वडील अर्थातच मायकेल. मग मायकेल जेकब! एका दुपारी मी पाच पिढ्या चढले. (लोक यात आयुष्य का घालवतात, मला कळेना.)

मिस बाउरनी नावं पाठ केली. "मायकेल हट्टी असणार. बाबा त्याच्यावरच गेले."

आई गहिवरली. सर्वपित्री अमावास्या आलीच होती. "बाउरबाई, तुमच्या माणसांचंही पान वाढते." डेकवर खीर-वडे मांडले, मी नावं वाचली. ऑकलंडात कावळा कुठला? सीगल आला आणि वडा घेऊन गेला.

"शिवला हो," आई म्हणाली. मिस बाउर डोळे पुसत होत्या.

पुढच्याच आठवड्यात चुलतभाऊ वॉल्टर आला. आम्हालाही चहाला बोलावलं होतं. भला माणूस. माझा कागद बराच वेळ बघत राहिला.

"पण जॉर्ज हे त्याचं स्वतःचंच नाव. योहान हे नाव तेव्हा घरातल्या सगळ्याच भावांना लावायचे, हाक दुसऱ्या नावाने मारायचे. वडिलांचा त्यात संबंध नाही. हे बाकीचे कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इंग्लिश छान येणारी सई नेहमीप्रमाणे बोलली नाही.

"म्हणजे मायकेल माझा नव्हे?" मिस बाउरनी हळूच विचारलं.

"जेवून गेला की मेला," आई मराठीत पुटपुटली. (याचं भाषांतर मी केलं नाही.)

वॉल्टर म्हणाला, खरे शोधू. मिस बाउरनी कागदाची घडी घातली. "नको. या वयात परत किती जणांची ओळख करून घेऊ?"

माफी मागायचं एक वाक्य मी कितीतरी दिवस कुंपणापाशी उभी राहून जुळवत होते. ते जुळेपर्यंत हिवाळा आला आणि मिस बाउर गेल्या.

सर्वपित्रीला आई अजून त्यांचं पान वाढते आणि नावं मला विचारते. त्यातलं एकच बरोबर असतं, मिस बाउरांचं. माझ्या स्वतःच्या पणजोबांचं नाव मला आईला विचारावं लागतं. बाउरांच्या कुणाच्याच नसलेल्या पाच पिढ्या मात्र तोंडपाठ आहेत.