टिपणिसांचं नाक

टिपणीस आमच्या वाशीच्या सोसायटीत राहायला आले त्याच आठवड्यात मला जिन्यात भिंतीला नाक लावून उभे असलेले दिसले. अक्षरशः नाक लावून. मी खाकरलो, तर दचकले नाहीत. बोट वर करून मला थांबवलं, आणखी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "ओल आहे. आतून."

मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि नुकतीच कुणाला न विचारता गॅलरी बंद करून तिथं ओटा घातलेला. चोराच्या मनात चांदणं. असली बांधकामं हुंगायला वरून माणूस पाठवलाय, अशी माझी खात्रीच झाली. लक्षणंही तशीच होती. एकटा माणूस, चेहरा सुजल्यासारखा गोल, महिन्यातून एकदा कागदांची पिशवी घेऊन खाडीपलीकडं मुंबईला जायचा. नोकरी तुर्भ्याच्या कारखान्यात, असं सांगायचा, पण रजेवरच जास्त. आमच्या सत्यनारायणाचा शिरा दिला, तर वाटी नाकाशी नेऊन विचारलं, "कधी केलाय?" आमच्या हिनं त्या दिवसापासून त्यांचं नाव टाकलं. डक्टमध्ये कबुतरं बसली की हे खिडकीतून वर्तमानपत्र झाडत सुटायचे. मला वाटलं, कबुतरांचं निमित्त, डोळा माझ्या गॅलरीवर.

शेवटी एका रविवारी मीच गवंडी बोलावून ओटा फोडला, ग्रिल काढलं आणि टिपणिसांना गॅलरी दाखवायला घेऊन आलो. "बघा, सगळं नियमानं."

ते गोंधळले. "बरं केलंत. हवा खेळेल. पण मला कशाला दाखवताय?"

मी काय समजून बसलो होतो ते सांगितल्यावर ते इतके हसले, की पोट धरून बसले, आणि मग त्याच पोटावरचा शर्ट बाजूला करून त्यांनी मला लांबलचक व्रण दाखवला. किडनी बदललेली होती. मोठ्या बहिणीनं, आक्कांनी, दिलेली. "भाऊबीजेला ओवाळणी आम्ही घालायची," म्हणाले, "इथं तिनंच ताटात काढून ठेवली."

परकी किडनी शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून ते रोज गोळ्या घेत. त्या गोळ्या चेहरा सुजवतात आणि शरीराचा पहाराच ढिला करतात. मग भिंतीवरची, शिळ्या अन्नातली, मातीच्या धुळीतली, कबुतरांच्या विष्ठेतली बुरशी, जी तुम्हाआम्हाला शिंकसुद्धा आणत नाही, ती अशा माणसाच्या आत बिऱ्हाड थाटते. "सेक्रेटरी, माझा वॉचमन मीच झोपवलाय," ते म्हणाले. "आता नाकानं गस्त घालायची."

त्यांच्याबरोबर राहून मलाही ती खोड लागली. लोणच्याची बरणी उघडली की मी आधी हुंगायचो. ही म्हणायची, एक संशयी होता तो पुरत नव्हता. टिपणिसांचं मात्र म्हणणं, वास येतो त्याची भीती नाही. जे साधंसुधं दिसतं त्याच्यावर लक्ष ठेवा.

पुढं त्यांचं डोकं दुखायला लागलं. बारीक ताप. खालच्या डॉक्टरांनी हवेवर ढकललं. मीही डॉक्टरांचीच री ओढली. साधा ताप आहे, म्हटलं, उगाच काय.

"साधा आहे म्हणूनच संशय येतो," टिपणीस म्हणाले. "या गोळ्यांवर ताप पूर्ण चढतच नाही. मुंबईला चला."

मी कुरकुरत स्कूटर काढली. पुलावरून जाताना ते मागं बसून माझ्या पाठीवर डोकं टेकवत होते, आणि मी त्यांना नीट बसा म्हणून दटावत होतो. हॉस्पिटलात मणक्यातून पाणी काढून तपासलं. बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोचली होती.

आक्का पुण्याहून आल्या. औषध सलाइनमधून थेंबथेंब जायचं, आणि अशी हुडहुडी भरायची की खाट वाजायची. पण खरी पंचाईत वेगळीच होती. बुरशी मारणारं तेच औषध किडनीही खातं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लघवी कमी व्हायला लागली. तेव्हा टिपणिसांनी हात आखडून घेतला. बाटली बंद करा म्हणाले, आक्कानं दिलेलं मी असं नासवणार नाही.

आक्का मोसंबं सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाळू, मी तुला किडनी दिली. किडनीला तुला नाही दिलं. हात सरळ कर."

टिपणिसांनी हात सरळ केला.

बुरशी गेली. तिच्यामागोमाग किडनीही गेली, काढूनच टाकावी लागली. डायलिसिसवर राहायचं, तर आक्कांच्या घराजवळ सोय होती, म्हणून टिपणिसांनी वाशीची जागा सोडली. मी सामान टॅक्सीत ठेवलं. आक्का आणि ते मागं बसले. किडनी गेली तशा त्या गोळ्याही थांबल्या होत्या. "आता आत आहे ते सगळं माझंच," ते म्हणाले. "वॉचमन हळूहळू जागा होतोय म्हणे." आणि त्यांनी काच पार खाली करून कोपर बाहेर टाकलं. समोरून भरावाच्या मातीचे ट्रक धूळ उडवत एकामागून एक चालले होते. टिपणीस खुशाल बघत बसले.

आक्कांनी पलीकडून त्यांच्या अंगावरून हात घातला, त्यांचं कोपर आत ओढलं आणि काच वर केली.