बिननावाची इटालियन

वाट पाहण्याच्या कामात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस त्या काळच्या अख्ख्या म्हैसूर राज्यात नव्हता. वाट आपण सगळेच पाहतो, पण नाइलाजाने. बस येत नाही म्हणून, बढती मिळत नाही म्हणून. साडू हौसेने पाहत. चांगली वस्तू हाती आल्याबरोबर वापरायला काढणं हा त्यांना त्या वस्तूचा अपमान वाटे. घरात रसपुरी आंब्यांची करंडी आली की ते रोज सकाळी एकेक आंबा उचलून देठाशी वास घेत आणि "अजून स्वल्प थांबायला पाहिजे" म्हणून जागच्या जागी ठेवून देत. शेवटी आंबे खाण्यालायक ठरत त्या दिवशी चिलटांची पंगत उठलेली असे. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं सुटाचं उंची कापड त्यांनी चांगला शिंपी भेटेपर्यंत ट्रंकेत ठेवलं होतं. तसा शिंपी भेटला तोवर साडूंचं पोट त्या कापडात मावेनासं झालं होतं. मग माझ्या मेहुणीने हाताने टाके घालून त्याच्या पिशव्या शिवल्या. विलायती सुटाच्या कापडातून वांगी आणणारं बंगलोरच्या चामराजपेटेत ते एकच घर असावं.

मी पुण्याहून बंगलोरला सरकारी कारखान्यात नोकरीला आलो, तेव्हा साडू तिथे आधीपासून लेथच्या विभागात फोरमन होते. ते मूळचे बेळगावकडचे. मराठी आणि कानडी त्यांच्या तोंडात सारखीच खेळे. रागवायचं असलं की कानडी, लाडात आले की मराठी. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला, अक्का. मीही तेच म्हणू लागलो. घर त्यांच्याच गल्लीत घेतलं, त्यामुळे दर रविवारची सकाळ त्यांच्या पडवीत जाई. तिथे छताच्या तुळईला दोन दोरांनी टांगलेली एक सायकल होती. तिच्याखाली बसून आम्ही कॉफी पीत असू.

ही सायकल कशी आली ते सांगितलं पाहिजे. युद्धाच्या दिवसांत साडू नुकतेच नोकरीला लागले होते. एका सकाळी येलहंकाच्या रस्त्याने आपली जडशीळ काळी सायकल रेटत असताना मागून एक गोरा मनुष्य आला आणि पुढे निघूनही गेला. त्याची सायकल बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, आणि आवाज म्हणून नाही. त्याच्या पाठीवर उन्हाची तिरीप पडली होती, एवढंच साडूंना दिसलं. "इकडं तिकडं बघितलंन् नाही हो त्यानं. गेला तो गेला," असं ते सांगत, आणि सांगताना आजही तो रस्त्याच्या टोकाला दिसत असल्यासारखे भिंतीकडे बघत. त्यानंतर कितीतरी वर्षांनी सिटी मार्केटमागच्या जुन्या बाजारात, फुटक्या बादल्या आणि खाटांच्या पायांखाली, त्यांना तशीच वळलेली शिंगं दिसली. सायकलीवर काळ्या रंगाचे इतके थर होते की ती डांबरात पडून उठल्यासारखी वाटे. कुणी म्हणे ती इथे युद्धात ठेवलेल्या कैद्यांपैकी कुणा अधिकाऱ्याची, कुणी म्हणे सर्कशीतल्या बाईची. साडूंनी ती खांद्यावर घालून घरी आणली, आणि अक्कांनी दारातच विचारलं, "ह्याचं काय मढं आणलंत?"

ती इटालियन आहे हे साडूंनी स्वतः शोधून काढलं. पायडलांचा आस ज्या नळीत बसतो तिच्या दोन्ही तोंडांना आटे असतात. इंग्रजी सायकलीत साखळीच्या बाजूचे आटे उलटे. ही उघडायला गेले तर दोन्हीकडचे आटे सुलटे! आयुष्यभर आट्यांशी खेळलेला माणूस. त्यांना तर देव भेटल्यासारखं झालं. फ्रेंच असू शकेल म्हणून मापं घेतली, ती फ्रेंच निघेनात. "इटालियन!" असं जाहीर करून त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पुढे कुठल्याही लग्नामुंजीत शेजारच्या पाटावरच्या माणसाला "तुम्हाला ठाऊक आहे काय, दोन्ही बाजूंचे आटे सुलटे" असं ते सांगू लागत आणि तो बिचारा मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावून बसे.

पण इटालियन म्हणजे कुणाची? बनवणाऱ्याचं नाव काय? इथे साडू अडले, आणि अडले ते असे अडले की वर्षांमागून वर्षं गेली. नाव कळल्याशिवाय मूळ रंग कुठला, पट्टे कुठले, हे कळणार नाही, आणि ते कळल्याशिवाय तिच्यावर बसायचं नाही असा त्यांनी नेम केला. मी म्हटलं, "अण्णा, एक चक्कर तर मारा." तर म्हणाले, "ओळखपाळख नसताना एकदम वर बसायचं? बरं दिसतं काय ते?" कुणीतरी सांगितलं की एका चर्चमध्ये खास इटलीहून आलेले म्हातारे पाद्री आहेत. साडू सायकल हातात धरून, एकदाही तिच्यावर न बसता, मला बरोबर घेऊन तिथवर चालत गेले. इटलीत जन्मलेल्या प्रत्येक माणसाला सायकली ओळखता येतात याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. पाद्रीबाबांनी दाढी कुरवाळत सायकलीला प्रदक्षिणा घातली आणि अस्खलित कानडीत म्हणाले, "नम्म ऊरल्ली कत्ते इत्तु." आमच्या गावात गाढवं होती. साडूंना हसावं की रडावं कळेना. पाद्रीबाबांनी मात्र सायकलीच्या खोगिरावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. घरापासून फार लांब आलेल्या माणसाचा हात होता तो.

मग तिची किंमत करणारे एक गृहस्थ आले. कॅन्टोन्मेंटमधले, शर्यतींचे शौकीन. त्यांनी नळीवर नखाने टिचकी मारली, नाद ऐकला, मागच्या चाकावरची चार दातेरी चक्रं फिरवून पाहिली आणि असा आकडा सांगितला की आतल्या दाराशी उभ्या असलेल्या अक्कांच्या हातातली पळी खाली पडली. अक्कांना शिवणयंत्र हवं होतं. हातशिलाईने त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते, आणि त्या आकड्यात यंत्र सहज बसत होतं. साडू त्या गृहस्थांना म्हणाले, "हिचं नाव सांगा, मग बोलू." त्यांना सांगता आलं नाही. ते गेले. अक्का भांडल्या नाहीत, हेच वाईट झालं. शिवणयंत्र साडूंनी पुढे सोसायटीचं कर्ज काढून आणून दिलं, पण अक्कांनी त्या सायकलीशी उभा दावा धरला. पडवी झाडताना तिच्याखालचा तुकडा तेवढा तसाच सोडत. तिच्या बाजूने जायची वेळ आली तर पदर आवरून जात. "सवत परवडली, ती निदान बोलते तरी," असं त्या माझ्या बायकोला म्हणत. साडूंना हे फार लागे, पण बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिथेही ते वाट पाहत राहिले.

दरम्यान सायकल मात्र हळूहळू उभी राहत होती. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा दांडा त्यांनी कारखाना सुटल्यावर, साहेबांची रीतसर परवानगी काढून, लेथवर कातून घेतला. तिचे टायर आतल्या ट्यूबसकट शिवलेले असत आणि चाकाला डिंकाने चिकटवावे लागत. ते बंगलोरात मिळेनात. कारखान्यातला एक इंजिनियर ट्रेनिंगला परदेशी निघाला, तेव्हा बाकीच्यांनी त्याला घड्याळं सांगितली, यांनी टायर सांगितले. आणि रविवारी सकाळी आंघोळ करून, खोबरेल तेलाचा बोळा घेऊन, ते नखाने काळा रंग खरवडत बसत. ब्लेड लावायचं नाही, घाई करायची नाही. एका रविवारी तिरप्या नळीच्या टोकाला सोनेरी काहीतरी चमकलं. अक्षर! आय. पुढे महिनाभराने त्याच्या अलीकडे एन. म्हणजे नावाचा शेवट ‘नी’. "म्हणजे कुलकर्णी," मी म्हटलं. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कॉफी खाली ठेवली. तिसऱ्या अक्षराचं नुसतं पोट दिसू लागलं, तेव्हा ते ओ, जी की क्यू यावर त्यांनी पावसाळा काढला. उरलेलं नाव दसऱ्याच्या मुहूर्तावर उघडायचं ठरलं. त्यासाठी वरच्या रंगावर त्यांनी रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवली, मऊ पडावा म्हणून. त्या आठवड्यात ते कारखान्यात शीळ घालत होते.

खंडेनवमीला सकाळी निघताना ते दारातून अक्कांना म्हणाले, "यंदा तिचीही पूजा करायची बरं का." एवढंच म्हणाले. मी शेजारी उभा होतो. बंगलोरात खंडेनवमीला चाकं आणि हत्यारं असलेलं काहीही पूजेवाचून राहत नाही. कारखान्यात आम्ही लेथना शेवंतीचे हार घातले, दाराशी कोहळा फोडला, आणि चुरमुरे-बत्ताशांच्या पुड्या घेऊन दुपारी घरी आलो. पडवीत सायकल खाली उतरवलेली होती आणि अक्का तिच्याशेजारी पाटावर बसल्या होत्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत तांबडे. इतकं प्रसन्न मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अहो, बघा," त्या म्हणाल्या. "चिंच आणि विटकरीची भुकटी. समयांपेक्षा लख्ख निघाली का नाही? ती चिंधी काढून टाकली मी, किती घाण वास तिला. आणि त्या नळीवर पिवळं-काळं काय चिकटलं होतं, निघता निघेना. मग नारळाची शेंडी घेऊन बसले, तेव्हा गेलं सगळं."

नळी चांदीसारखी चमकत होती. आय नाही, एन नाही, पोट नाही, काही नाही. मला साडूंच्या तोंडाकडे बघवेना. त्यांनी चुरमुऱ्यांची पुडी हळूच कट्ट्यावर ठेवली. सायकलीभोवती एक फेरी घातली. त्या नळीपाशी ते जरा थांबले. मग ते अक्कांकडे वळले आणि म्हणाले, "बेस झाली की. लई बेस झाली." आणि तबकातलं कुंकू घेऊन त्यांनी हँडलला लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. अक्का लाजून हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, त्यांनी मला हाक मारली. पँटला क्लिपा लावलेल्या, डोक्याला रुमाल. "चला, म्हैसूर रोडनं जाऊन येऊ." मी माझी सायकल काढेपर्यंत ते बसलेसुद्धा. सुरुवातीला जरा डगमगले, मग खटका ओढल्याचा आवाज आला, पाठ वाकली, आणि पन्नाशीला आलेला तो पोटवाला माणूस माझ्यादेखत लहान लहान होत नाहीसा झाला. केंगेरीच्या अलीकडे एका पुलाच्या कठड्यावर मला ते सापडले. धापा टाकत, दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले होते. चेहऱ्यावर आनंद होता आणि डोळ्यांत पाणी होतं, आणि दोन्ही लपवायची त्यांना पर्वा नव्हती.

"पळते हो," ते म्हणाले. "नुसतं मनात आणलं की पळते. गुडघे तेवढे म्हणतात, जरा आधी का आणलं नाहीस."

मी विचारलं, "अण्णा, अक्कांना सांगणार काय, काय पुसलं गेलं ते?"

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. "काय सांगायचं? इतक्या वर्षांत तिनं कधी हात लावला नव्हता हो हिला. काल आंघोळ घातलीन्. आणि मी म्हणू काय, नाव पुसलंस माझं म्हणून?" मग म्हणाले, "वाईट वाटतंय. लई वाटतंय. पण ते माझं मला असू दे."

त्यानंतर गुडघ्यांनी त्यांना थोडीच वर्षं दिली. आता ते नाहीत, आणि रविवारची सकाळ मला अजून मोठी वाटते. पण आठवते ती त्या दसऱ्याची संध्याकाळ. त्यांच्याकडे आपट्याऐवजी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देत. त्यांनी पहिलं पान अक्कांच्या हातात ठेवलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या. अक्कांनी नमस्कार केला आणि विचारलं, "पळाली का नीट?"

"तू घासलीस म्हणून पळाली," साडू म्हणाले.

अक्का हसत हसत आत कॉफी टाकायला गेल्या. साडू सायकलीपाशी गेले. त्या लख्ख नळीवरून त्यांनी एकदा सावकाश अंगठा फिरवला, आत ऐकू जाणार नाही अशा बेताने माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "सहा-सात अक्षरं असावीत हो. फार मोठं नाव नसणार."