भावोजींचं काउंटर आणि कोठार

माझ्या ताईच्या घरात कात्री एकच आहे. ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकते. तिनेच दुधाची पिशवी कापतात, तिनेच कापड कापतात, आणि भावोजी मिशाही तिनेच कापतात. दुसरी कात्री मी दोनदा भेट देऊन पाहिली. दोन्ही वेळा भावोजींनी ती पुसून, कागदात गुंडाळून खालच्या मजल्यावर माझ्या घरी परत आणून दिली. आमच्याकडे आहे, एवढंच म्हणाले.

छत्रीही एकच. दोघांना एकाच वेळी बाहेर पडायचं असेल तर एकमेकांना घट्ट धरून चालतात. गल्लीतल्या बायका मला म्हणतात, या वयातही काय प्रेम आहे बाई दोघांचं. मी मूग गिळून बसते.

भावोजी पंप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना सुटला, स्टोअर काही सुटलं नाही. त्यांचा एकच मंत्र, एका वस्तूला एकच जागा आणि एका जागी एकच वस्तू. लागणारा माल काउंटरवर, बाकीचा आत कोठारात, आणि जे कोठारात आहे ते काउंटरवर दिसता कामा नये. ताईच्या फडताळातही त्यांनी काउंटर आणि कोठार पाडलंय. साखर काउंटरवर, तर गूळ कोठारात. पाहुण्यांनी गूळ मागितला की ताई म्हणते, थांबा, स्टोअरकीपर झोपलेत.

ताई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायची. ज्यांनी कधी आवाज ऐकला नाही अशा मुलांना ती बोलायला शिकवायची. मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, बोलायची, मग तोच हात त्याच्या गळ्यावर नेऊन ठेवायची. पुन्हा. पुन्हा. कुणाला महिने लागत, कुणाला वर्ष. आणि ज्या दिवशी ते पोर पहिला धड शब्द बोलायचं, त्या दिवशी ताई तो शब्द टेप करून ठेवायची. आधी कॅसेटवर, पुढे मोबाइलवर. एक नक्कल ती मुलाच्या आईबापांना द्यायची. त्यावरून भावोजी तिला बोलायचे की चलनाशिवाय माल बाहेर जातो कसा.

आता ताईचेच कान चालले आहेत. डॉक्टरांनी दोन्ही कानांत मशीनं बसवली आणि स्पष्ट सांगितलं की ऐकू येणं हळूहळू कमी होत जाणार, ते थांबवता येणार नाही. ताईने घरी येऊन चहा टाकला आणि म्हणाली, आहे तोवर माझी सगळी पोरं एकदा ऐकून घेते. भावोजींनी उठून माळ्यावरून कॅसेटचं खोकं खाली काढलं.

त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. जुना टेप कॉम्प्युटरला जोडून त्यांनी एकेक कॅसेट स्वतः ऐकली, भरून घेतली, प्रत्येक फाईलला मुलाचं नाव दिलं. आतल्या खोलीतून दिवसभर "पाय", "मामा", "भात" ऐकू यायचं. त्या कामात ते इतके रमले की दुपारची झोपही विसरले. सगळं भरून झाल्यावर त्यांनी खोकं उचललं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. आता एकच माल दोन ठिकाणी कशाला, म्हणे.

दूर राहणाऱ्या त्यांच्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला आणि एक काळा डबा पाठवला. घरचा सर्व्हर म्हणतात त्याला. डब्याच्या पोटात दोन हार्ड डिस्क शेजारी शेजारी बसतात, मागून वायर वायफायला जाते, आणि घरातल्या टीव्हीवर, फोनवर, कुठेही त्यातलं सगळं ऐकता येतं. भावोजींनी चपलांच्या कपाटावर त्याची जागा पक्की केली. मुलगा व्हिडिओ कॉलवरून सांगत गेला, भावोजी करत गेले, कॉम्प्युटरमधलं आणि ताईच्या मोबाइलमधलं सगळं डब्यात हलवून त्यांनी मूळचं पुसून टाकलं, आणि ताई हेडफोन लावून बसली तेव्हा पहिला आवाज नीट तिच्या कानात गेला. तिने डोळे मिटले. भावोजींनी माझ्याकडे अशा तोऱ्यात पाहिलं की जणू मुलं त्यांनीच बोलती केली.

पण मग मुलाने सांगितलं की आतल्या दोन डिस्कवर एकच माल असतो. एक बिघडली तर दुसरी हवी म्हणून. शिवाय बाहेरून एक तिसरी डिस्क जोडायची. रोज रात्री सर्व्हर आपण होऊन सगळ्याची नक्कल तिच्यावर करून ठेवील.

भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकच माल तीन ठिकाणी म्हणजे हे स्टोअर आहे की भंगाराचं दुकान, असं त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं. मुलाला मात्र बरं बरं म्हणाले. मीही फार मनावर घेतलं नाही.

पुढचे काही दिवस ते कपाटापाशी घुटमळत होते. टीव्हीवर सर्व्हर उघडून बघायचे, मग बाहेरची डिस्क उघडून बघायचे. तीच नावं, तेच फोल्डर. त्यांना ते बघवेना. मग त्यांनी आपल्या पद्धतीने विचार केला. सर्व्हर म्हणजे काउंटर. बाहेरची डिस्क म्हणजे कोठार. कोठारात माल आहे, मग काउंटरवर कशाला? ताईला लागेल तेव्हा कोठारातून काढून देऊ. असं ठरवून त्यांनी सर्व्हरवरचं पोरांचं फोल्डर पुसलं, ते आतल्या दोन्ही डिस्कवरून एकदमच गेलं. पुसलेलं कचऱ्याच्या डब्यात जाऊन बसतं, तर तो डबाही रिकामा केला, कारण कचरा साठवणाऱ्यातले ते नव्हेत. मग हात धुऊन जेवायला बसले.

रात्री सर्व्हरने आपलं काम केलं. त्याला सांगितलेलं होतं की इथे जसं तसंच तिथे. इथे फोल्डर नाही, म्हणून तिथलंही त्याने काढून टाकलं. आरशासमोरून आपण बाजूला झालो की आरशातलाही माणूस जातो, तसं झालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी ताई हेडफोन लावून बसली आणि बराच वेळ रिमोटची बटणं दाबत राहिली. भावोजींनी कोठार उघडलं तर कोठारही रिकामं. मुलाने तिकडून खूप खटपट केली. जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय मी आधीच चालू करायला हवी होती, असं तो स्वतःच म्हणाला. पुसलेलं परत काढून देतो म्हणणाऱ्या एका दुकानदाराने डिस्क ठेवून घेतली आणि नुसती खरखर परत दिली.

ताई एवढंच म्हणाली, "असू दे. पोरं बोलायला शिकली ना, मग झालं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिची फार कीव आली आणि भावोजींचा मनस्वी राग आला. कारण भावोजींचं निराळंच चाललं होतं. सिस्टिममध्ये दोष आहे. मुलाने सूचना नीट दिल्या नाहीत. कारखान्यातही माल कमी भरला की ते त्याला चूक म्हणत नसत, तफावत म्हणत. घरातही त्यांच्या हातून दूध उतू गेलं तर ती तफावत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ताईपुढे आपली चूक कबूल केल्याचं मला आठवत नाही, आणि माझी स्मरणशक्ती अशा बाबतीत चांगली आहे.

शेवटी मी जिन्यातच त्यांना गाठलं. म्हटलं, भावोजी, तफावत राहू द्या बाजूला. ताईने प्रत्येक आईबापाला एक नक्कल दिलेली आहे. तुम्ही चलनावरून भांडलात, ती द्यायची थांबली नाही. माल बाहेर आहे. जा आणि घेऊन या.

ते म्हणाले, "मागायचं कसं?"

म्हटलं, तोंडाने.

ताईला काही न सांगता भावोजी एकेक घर धरून निघाले. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसरी कात्री घरात घेतली नाही, तो आता दारोदार दुसरी प्रत मागत हिंडत होता. एका बाईने दागिन्यांच्या डब्यातून कॅसेट काढून दिली. तिच्याकडे टेप कधीचा नव्हता, तरी कॅसेट होती. एका ट्रकड्रायव्हरने लेकीचा पहिला शब्द फोनची रिंग म्हणून लावलेला होता. भावोजींसमोर फोन वाजला, "मामा", आणि ड्रायव्हर म्हणाला, मालकाचा आहे, वाजू द्या. एका घरात तर काकांकडे, आत्याकडे, सगळ्यांच्या फोनवर एकच फाईल निघाली. भावोजींनी प्रत्येकाकडून वेगळी घेतली. कुठली नासकी निघेल सांगता येत नाही, म्हणाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो ते असं.

सगळी मिळाली नाहीत. काहींनी घरं बदलली होती, काही फोन हरवले होते. एक सुतार होता, ताईच्या अगदी पहिल्या मुलांपैकी. त्याची आई वारली होती आणि घर हलवताना कॅसेट कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. भावोजींनी पाटीवर लिहून विचारलं, पहिला शब्द कुठला? सुताराने लिहिलं, बूट. शिकवायला बसल्यावर तो बाईंकडे बघायचाच नाही, सारखा त्यांच्या बुटांकडे बघायचा, म्हणून त्यांनी तोच शब्द घेतला होता.

मग सुताराने हातातला रंधा खाली ठेवला. भावोजींच्या फोनकडे बोट केलं, चालू करा अशी खूण केली, आपला हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाला, "बूट." आणि बरोबर आलं का म्हणून भावोजींच्या तोंडाकडे बघत राहिला.

भावोजींना रडू आलं. हे त्यांनीच मला सांगितलं. भुसा फार होता तिथे, असंही सांगितलं.

त्या संध्याकाळी मी वर ताईकडे मटार सोलत बसले होते. भावोजींनी जमवलेला सगळा माल सर्व्हरवर चढवला, बाहेरच्या डिस्कवर नक्कल झाली की नाही ते दोनदा बघितलं, आणि ताईला हात धरून हेडफोनपाशी आणून बसवलं. ती ऐकत गेली. मध्येच हसायची, मध्येच एखादं नाव घ्यायची. सुताराचा आवाज आला तेव्हा ती दचकली. हा तर बाप्या झाला की, म्हणाली, आणि तिने तो पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

ऐकून झाल्यावर तिने हेडफोन काढले आणि कानांत मशीनं घातली. भावोजी खुर्चीच्या काठावर बसले होते. आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे, मग चपलांच्या कपाटाकडे बघत त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "चुकलं माझं."

"काय म्हणालात?" ताईने विचारलं.

"चुकलं माझं, म्हटलं."

"अहो, मोठ्याने बोला जरा. मला हल्ली ऐकू येत नाही."

भावोजींनी घसा खाकरला, माझ्याकडे एकदा केविलवाणं पाहिलं, आणि समोरच्या इमारतीतही कळेल अशा आवाजात ते वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.

मी माझ्या बहिणीला ओळखते. मशीनं दोन्ही चालू होती. मांडीवरच्या ओढणीखाली तिचा मोबाइलही चालू होता.

ती फाईल तिने स्वतः सर्व्हरवर ठेवली, पोरांच्याच फोल्डरमध्ये. आता दर महिन्याला भावोजी एक डिस्क पिशवीत घालून माझ्याकडे आणून देतात आणि आधीची घेऊन जातात. घर जळालं तरी एक प्रत खाली राहिली पाहिजे, असं मलाच समजावतात. परवा मी त्यांना चिडवलं. म्हटलं, बाकी पोरांचं ठीक आहे, पण ती तुमची शेवटची फाईल तीन-तीन ठिकाणी कशाला ठेवता? एक पुरे की. पुसून टाका.

"नको," भावोजी म्हणाले. "रोज आधी तीच लावते ती. अजून ऐकू येतंय तोवर ऐकू दे तिला."