कॅसेटीवरची चिकटपट्टी

मला फरक ऐकू येत नाही. आधी हेच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं भांडण सरळ होईल.

बुलढाण्यात आमचा जुनी गाणी ऐकणाऱ्यांचा गट आहे. त्यात दोन तट. एक म्हणतो, सीडीहून सरस अशा चोवीस बिटच्या फाईलमध्ये गायकाचा श्वास ऐकू येतो. दुसरा म्हणतो, सीडीच्या वरचं सगळं कुत्र्यांसाठी, माणसाच्या कानाला ते पोचतच नाही. मागच्या आठवड्यात एका डॉक्टरांच्या घरी डोळ्यांवर पंचा बांधून परीक्षा झाली. मी दहा तुकड्यांपैकी पाच बरोबर ओळखले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

"पाहा! फाईल कितीही दाबून लहान करा, काही जात नाही," दुसऱ्या तटातला एक जण ओरडला.

मी पंचा सोडला. "जातं. हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नाही."

"पाचच ओळखले ना बे तुनं?"

"पाचच. तरी जातं."

का, ते तिथे सांगितलं नाही. इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोनाळ्यात माझं मोबाईलमध्ये गाणी भरून द्यायचं दुकान होतं. बीटी कपाशीची सुरुवातीची चांगली वर्षं. ज्याच्या त्याच्या खिशात नवा मोबाईल आणि तोंडात एकच प्रश्न, "किती बसतीन?" जास्त बसावीत म्हणून मी फाईल दाबता येईल तेवढी दाबायचो.

एक दिवस मागच्या गल्लीतली चाची कॅसेट घेऊन आली. चाचा पिंजारी होते, गाद्या भरायचे. त्याच साली वारले. एका दुपारी कापूस पिंजताना त्यांनी शेजारी टेप लावून ठेवला होता. धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर पडणारा लाकडी ठोका, मध्येच त्यांचं गुणगुणणं, खोकला, आणि मागून चाचीची हाक, "चाय झाली हो." त्यांचा आवाज एवढाच उरला होता. कॅसेटीच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही छोट्या कड्या त्यांनी मोडून टाकल्या होत्या. कड्या मोडल्या की तिथे खाच पडते आणि कॅसेटीवर दुसरं काही भरता येत नाही.

मी ती चाचीच्या मोबाईलमध्ये नेहमीसारखीच दाबून भरली. गुणगुणणं आलं, खोकला आला. ठोका मात्र गेला. तातीचा तो टणत्कार आणि मागे रेंगाळणारी थरथर, त्या जागी नळात हवा अडकल्यासारखी नुसती गुळगुळ. मला ते तेव्हाच ऐकू आलं. तिथे पंचा बांधायची गरज नव्हती. पण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं.

"सगळं आलं ना बेटा?"

"सगळं. काहीच गेलं नाही, चाची."

घरचा टेप बिघडलेला, म्हणून कॅसेट तिने माझ्याकडेच ठेवली. मृगाच्या आधी बियाण्याच्या कंपनीची जीप आली. गावोगाव वाजवायला जाहिरात हवी होती, माझ्या आवाजात, ताबडतोब. कोरी कॅसेट दुकानात नव्हती. मी चाचीच्या कॅसेटीच्या दोन्ही खाचांवर चिकटपट्टी लावली; खाच झाकली की पुन्हा भरता येतं. चुकून कोणी चिकटपट्टी लावत नाही. "बोंडअळी विसरा!" असं मी चाचांच्या खोकल्यावर ओरडलो. जीप गेली, कॅसेट तिच्याबरोबर गेली.

पुढे गुलाबी बोंडअळी आलीच. लोकांनी उभ्या कपाशीत रोटाव्हेटर घातले. दोष बियाण्याचा की हवेचा, यावर हॉटेलात चहाचे कप आदळले. त्या वादात तोंड उघडायला मला जागाच नव्हती.

त्या परीक्षेनंतर चारच दिवसांनी सोनाळ्याला गेलो. चाची बाजेवर बसली होती. उभ्यानेच सगळं सांगितलं.

"चिकटपट्टी लावली तू?"

"हाव."

"माह्यासमोर मोडल्या होत्या त्या कड्या त्यायनं. म्हने, आता हे कोनी पुसू शकत नाही." मग तिने विचारलं, "मंग त्या जीपवर तूच वरडत होता?"

"मीच."

"लय वरडला. दारावरून गेली ती जीप. कान फुटले माहे."

मग तिने मोबाईल काढला आणि मी भरून दिलेलं ते लावलं. बोटाच्या पेराने बाजेच्या लाकडी माच्यावर ठोका देऊ लागली, जिथे जिथे गुळगुळ होती तिथे तिथे. एकही जागा चुकली नाही.

"मले वाटे, माह्याच कानात बिघाड हाय. तू म्हटलं होतं ना, काहीच गेलं नाही. अकोटले जाऊन कान दाखवून आली मी."



"मी गटातल्या लोकांना हे लिहून कळवतो," एवढंच म्हणालो. तोवर मोबाईलमधून तिची ती जुनी हाक आली, चाय झाली हो. तिने मोबाईल बंद केला. त्या घरातून मी पहिल्यांदाच चहा न घेता निघालो.

दारात पोचलो तशी मागून म्हणाली, "चिकटपट्टीबी लिहिजो."

लिहिली. आता गटातल्या कुणाला पुरावा हवा असेल तर माझे दहांतले पाच खुशाल मोजा. चाचीच्या माच्यावरचे ठोकेही मोजायला या.